डिक्कीत कॅरेट मावलं पाहिजे आणि ढोलही वाजला पाहिजे: स्विफ्टमधल्या वूफरचं एक प्रकरण

गाडी मारुती स्विफ्ट, पेट्रोल, 2019 चं मॉडेल. मालक माझा मामेभाऊ, आमचा दादा. दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आणि सोबत थोडे टोमॅटो, त्यामुळे नाशिकला सारखं येणं-जाणं, कधी औषधं घ्यायला, कधी मार्केटला, कधी पोरांचं काही काम. गाडीत कंपनीचाच प्लेअर आणि चार दरवाजांचे चार स्पीकर, बस. मागणी एका वाक्यात होती, "बेस पाहिजे पण नुसता धबधबाट नको, ढोल ढोलासारखा वाजला पाहिजे." बजेट 25 हजार, फार तर 27. आणि एक अट त्याने सगळ्यात शेवटी, फोन ठेवता ठेवता सांगितली, की डिक्कीत टोमॅटोचं एक कॅरेट (क्रेट) बसलंच पाहिजे कारण वहिनीला तसं आधीच कबूल करून बसलाय.

माझ्या मते सगळं प्रकरण त्या शेवटच्या अटीतच होतं. आपल्याकडे वूफर, म्हणजे बेसचे खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, घेताना लोक आधी वॅट बघतात, मग वूफर 10 इंची का 12 इंची ते ठरवतात, मग त्याला चालेल असा ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर), आणि बॉक्स म्हणजे दुकानात जो रेडीमेड पडलेला असेल तो. मी हे बरोबर उलटं करतो. आधी गाडीत जागा किती उरते ते बघायचं, त्या जागेत किती लिटरचा बॉक्स बसतो ते काढायचं, त्या लिटरमध्ये नीट वाजेल असा वूफर शोधायचा आणि त्या वूफरला जेवढी पॉवर लागते तेवढाच ॲम्प घ्यायचा. या क्रमाने गेलं की पैसे कमी लागतात आणि आवाज चांगला येतो, हे दादाच्या गाडीत नीट आकड्यांसकट बघायला मिळालं म्हणून सविस्तर लिहितोय.

दादा माझ्याकडे यायच्या आधी शहरातल्या एका दुकानात जाऊन आला होता. तिथे त्याला 16,500 चा कॉम्बो सांगितलेला: 12 इंची वूफर, पोर्टवाला (हवा आत-बाहेर जायला नळी असलेला) रेडीमेड बॉक्स, 4 चॅनल ॲम्प, वायर आणि फिटिंग सगळं त्यातच. ॲम्पच्या पेटीवर मोठ्या अक्षरात 1200 वॅट. दुकानात वाजवून दाखवला तेव्हा छातीत धक्का बसला, दादा खूश, ॲडव्हान्स द्यायच्या बेतात होता. त्याने मला ॲम्पच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवला आणि मी पहिली गोष्ट बघितली ती फ्यूज. 25 अँपिअरचा एकच फ्यूज. आता हिशोब बघा, गाडी चालू असताना साधारण 13.8 व्होल्ट मिळतात, 25 गुणिले 13.8 म्हणजे 345 वॅट, म्हणजे त्या ॲम्पला सलग एवढीच वीज खाता येईल. ॲम्प क्लास एबी प्रकारचा होता, त्यातली साधारण 60 टक्के आवाजाच्या रूपाने बाहेर पडते आणि बाकीची उष्णता होऊन जाते, म्हणजे हातात राहिले 200 वॅटच्या आसपास. 1200 हा आकडा कुठून आला? तो पीक किंवा मॅक्स पॉवरचा, क्षणभरासाठी कागदावर काढलेला, त्याचा रोजच्या वाजण्याशी संबंध नाही. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सलग मिळत राहणारी पॉवर. आणि आरएमएसच्या पुढे सीटीए-2006 किंवा जुन्या नावाने सीईए-2006 असं मोजणीच्या मानकाचं नाव लिहिलेलं असेल तर जास्त चांगलं, कारण त्यात 14.4 व्होल्टवर, 4 ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध), 1 टक्क्याच्या आत डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातली बिघाड, ठेवून मोजलेली पॉवर असते, सगळ्यांना एकच माप. असा शिक्का नसेल तर फ्यूजचा हिशोब करा, दुकानात उभ्या उभ्या मोबाईलवर होतो.

दादाला वाईट वाटलं, म्हणाला "म्हणजे फसवतोय का तो?" तसं मी म्हणणार नाही, पेटीवर कंपनीनेच तो आकडा छापलेला असतो आणि दुकानदार तोच वाचून दाखवतो. पण आपले पैसे आहेत तर आपण तपासून घ्यावं.

आधी टेप लावली

मोजमाप दादाच्या मळ्यावरच केलं. स्विफ्टची डिक्की 268 लिटरची, ऐकायला बरी वाटते पण ती खोल आहे, लांब नाही. मागच्या सीटपासून डिक्कीच्या दारापर्यंत फ्लोअरवर आम्हाला 64 सेंटीमीटर मिळाले. कॅरेट आपलं नेहमीचं, 54 बाय 36. ते आडवं ठेवलं तर 36 गेले, उरले 28, त्यातले चार सेंटीमीटर काढा-घालायला आणि वूफरच्या जाळीला सोडायचे. म्हणजे बॉक्सच्या तळाची खोली 24 च्या वर जाऊ शकत नाही. सीटची पाठ मागे कललेली असते म्हणून वर गेलं की जागा अजून कमी होते, तिथे 15 सेंटीमीटर. उंची 34 ठेवली म्हणजे वरची पार्सल ट्रे आहे तशी बसेल. रुंदी 62, तीही मुद्दाम थोडी कमी, बाजूला ॲम्प आणि वायर जायला जागा राहावी म्हणून.

बाहेरचं माप झालं, आता आतलं. 18 मिलीमीटरचा प्लाय धरला तर प्रत्येक दिशेला दोन बाजूंचे मिळून 3.6 सेंटीमीटर जातात. उंची 30.4, रुंदी 58.4, आणि खोलीची सरासरी 19.5 वजा 3.6 म्हणजे 15.9. गुणाकार केला की 28 लिटरच्या थोडं वर. त्यातून वूफरचा मॅग्नेट आणि बास्केट जी जागा खातात ती दीड लिटरच्या आसपास, आतली आधाराची पट्टी अर्धा लिटरच्या वर, म्हणजे हवेला मिळाले 26 लिटर. हा 26 चा आकडा हातात आला आणि मग निम्मे प्रश्न आपोआप सुटत गेले.

दुकानातला रेडीमेड बॉक्स नुसता खोलीलाच 38 सेंटीमीटर होता. तो बसला असता तर कॅरेट कायमचं मागच्या सीटवर.

पोर्ट का सीलबंद

इथे दादाशी बराच वाद झाला कारण दुकानात ऐकलेला बेस त्याच्या डोक्यात बसला होता, आणि तो पोर्टवाला होता. पोर्टवाला बॉक्स तेवढ्याच वॅटमध्ये जास्त जोरात वाजतो हे खरंच आहे, त्यात काही खोटं नाही. पण त्याला जागा लागते. उदाहरण घ्या, 40 लिटरचा बॉक्स 35 हर्ट्झला (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा कमी तेवढा सूर खालचा) ट्यून करायचा आणि 10 सेंटीमीटर व्यासाचा गोल पोर्ट टाकायचा तर त्या पोर्टची लांबी येते साधारण 41 सेंटीमीटर. आपल्या बॉक्सची खोली 16. पोर्ट वाकवून घ्या, लहान व्यासाचा घ्या असं लोक सांगतात, पण व्यास कमी केला की त्यातून हवा इतक्या वेगाने जाते की फुसफुस ऐकू यायला लागते. शिवाय ट्यूनिंगच्या खालच्या सुरांना पोर्टवाल्या बॉक्समध्ये वूफरच्या पडद्याला मागून काही आधारच राहत नाही, तो मोकाट हलतो, म्हणून ॲम्पमध्ये सबसॉनिक (अगदी खालचे सूर अडवणारा) फिल्टर लागतो आणि त्या कॉम्बोमधल्या ॲम्पला तो नव्हता.

दुसरं कारण दादाच्या गाण्यांचं. तो काय ऐकतो? नाशिक ढोलाची रेकॉर्डिंगं, लग्नाच्या सीझनची गाणी, आणि पहाटे मार्केटला जाताना अभंग. ढोलाला एका बाजूने टिपरू (काठी) आणि दुसऱ्या बाजूने हाताची थाप, पाठोपाठ पडतात, आणि वर ताशा धावत असतो. एक ठोका पूर्ण संपायच्या आत दुसरा येतो. बॉक्स जर ठोका संपल्यावरही घुमत राहिला तर दोन ठोक्यांमधली मोकळी जागा भरून जाते आणि सगळ्याचा एकच गोळा होतो, त्यालाच दादा धबधबाट म्हणत होता. पखवाजाचंही तसंच, डाव्या बाजूला कणीक लावलेली असते आणि तिथून जो खोल, घसरत खाली जाणारा सूर निघतो तो शेवटपर्यंत ऐकू आला पाहिजे. सीलबंद बॉक्समध्ये ठोका सुरूही नेटका होतो आणि थांबतोही नेटका. नुसतं डीजेचं 30-35 हर्ट्झवालं ऐकणारा असता आणि डिक्की रिकामी ठेवायला तयार असता तर मी स्वतः त्याला पोर्टवाला करून दिला असता.

आणि एक गोष्ट जी घरच्या स्पीकरवरून विचार करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. गाडीची केबिन लहान असते. पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत अडीच मीटर धरा, आवाजाचा वेग सेकंदाला 344 मीटर, त्याला केबिनच्या दुप्पट लांबीने भागलं की 70 हर्ट्झच्या आसपास आकडा येतो. त्याच्या खालच्या सुरांची लाट केबिनमध्ये मावतच नाही, मग ती आतली सगळी हवा एकदम दाबते आणि सोडते, आणि जसजसं खाली जावं तसा बेस आपोआप वाढत जातो. हिशोबाने दर सप्तकाला 12 डेसिबलपर्यंत, प्रत्यक्षात दारं-काचा हलतात, फटी असतात म्हणून त्याहून कमी. सीलबंद बॉक्सचा आवाज खाली जाताना जवळपास त्याच दराने उतरतो. एक उतरतं, एक चढतं. म्हणून घरात किरकोळ वाटणारा लहान सीलबंद बॉक्स स्विफ्टमध्ये भरलेला वाटतो.

वूफर निवडताना

आता 26 लिटर सीलबंद हे ठरलं. प्रत्येक चांगल्या वूफरसोबत एक कागद येतो, त्यात एफएस (वूफरचा स्वतःचा सूर, हर्ट्झमध्ये), क्यूटीएस (पडद्याचं हलणं किती आवरलेलं आहे ते), व्हीएएस (पडद्याच्या लवचिकतेएवढी हवा, लिटरमध्ये) असे आकडे असतात. हे थील-स्मॉल पॅरामीटर, थील आणि स्मॉल या दोघांनी 1960 आणि 70 च्या दशकांत मांडलेले, आणि आजही सगळं जग बॉक्स त्यावरूनच काढतं. ज्या वूफरसोबत हा कागद नाही तो मी घेत नाही, मग तो कितीही स्वस्त असो.

सूत्र एवढंच: व्हीएएसला बॉक्सच्या लिटरने भागायचं, त्यात 1 मिळवायचा, वर्गमूळ काढायचं, आणि त्या आकड्याने क्यूटीएसला गुणलं की क्यूटीसी (तेच माप, पण बॉक्ससकट) मिळतो, एफएसला गुणलं की बॉक्ससकट वूफरचा सूर कुठे बसतो ते. क्यूटीसी 0.7 च्या आसपास आला की आवाज सपाट आणि नेटका. 1 च्या वर गेला की एका ठराविक सुरावर फुगवटा येतो आणि प्रत्येक गाणं त्याच सुरात घुमतं.

दुकानातल्या 12 इंचीचे आकडे कंपनीच्या साईटवर सापडले, व्हीएएस 75 लिटर, क्यूटीएस 0.62, एफएस 28. 26 लिटरमध्ये टाकला तर 75 भागिले 26 म्हणजे 2.88, अधिक 1, वर्गमूळ 1.97, आणि क्यूटीसी 1.22. सूर 55 हर्ट्झला. हाच तो धबधबाट, आकड्यात. वूफर वाईट आहे असं नाही, त्याला या डिक्कीत मावणार नाही एवढा बॉक्स पाहिजे.

आम्ही जो 10 इंची घेतला त्याचा व्हीएएस 30, क्यूटीएस 0.50, एफएस 32. 30 भागिले 26 म्हणजे 1.15, अधिक 1, वर्गमूळ 1.47, क्यूटीसी 0.73 आणि सूर 47 हर्ट्झ. यापेक्षा जास्त जवळ जायचा हट्ट करू नये, प्लायच्या जाडीत आणि वूफरच्या खऱ्या आकड्यांत तेवढा फरक पडतोच. आरएमएस 300 वॅट, पडद्याची एका दिशेची चाल 12 मिलीमीटर, किंमत 6,800.

"10 इंची म्हणजे बेस कमी ना रे?" हे दादाने विचारलंच. 12 इंची पडदा मोठा म्हणून हवा जास्त हलवतो, बरोबर, पण ती हवा हलवायला मागे जागा पाहिजे. आणि 10 इंची "फास्ट" असतो आणि 12 इंची "स्लो" हे जे सगळे बोलतात ते मला पटत नाही, योग्य बॉक्समधला 12 इंची अगदी नेटका वाजतो, फास्ट-स्लो वाटतं ते बहुतेक वेळा बॉक्समुळे.

ॲम्प आणि ओहमची भानगड

वूफर ड्युअल व्हॉइस कॉइलचा होता, म्हणजे पडदा हलवणाऱ्या तारेच्या 4 ओहमच्या दोन कॉइल. सिरीजमध्ये जोडल्या तर 8 ओहम, पॅरलल जोडल्या तर 2 ओहम. क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा, ॲम्प घेतला, 2 ओहमला 300 वॅट आरएमएस, 4 ला 180. म्हणून पॅरलल. दुकानातला 4 चॅनल ॲम्प ब्रिज केल्यावर (दोन चॅनल एकत्र जोडल्यावर) कमीत कमी 4 ओहम मागत होता, त्याला हा 2 ओहमचा लावला असता तर ॲम्प गरम होऊन सारखा प्रोटेक्टमध्ये गेला असता, म्हणजे स्वतःहून बंद पडला असता. म्हणून वूफर घेतानाच ॲम्प किती ओहमला किती देतो ते बघून कॉइल ठरवायची, 2 ओहमची ड्युअल घ्यायची का 4 ची, नंतर बदलता येत नाही.

500 वॅटचा का नाही घेतला? कारण पॉवर दुप्पट केली तरी आवाज फक्त 3 डेसिबल वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात. 300 चे 500 केले तर सव्वादोन डेसिबल. त्यासाठी तीन-चार हजार जास्त आणि गाडीच्या बॅटरीवर ताण, स्विफ्टची बॅटरी काही मोठी नसते.

क्लास डी 80 टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम, म्हणजे 300 वॅट द्यायला 375 घेणार, 27 अँपिअर. गाण्यात सतत एवढे लागत नाहीत पण वायर या हिशोबानेच घ्यायची. 8 गेजची तांब्याची वायर, बॅटरीपासून डिक्कीपर्यंत 5 मीटर, यात जास्तीत जास्त पाव व्होल्टच्या थोडं वर घट होते, चालतं. पण वायर खरंच तांब्याची पाहिजे. बाजारात लाल-काळ्या जाड किट मिळतात त्यातल्या बऱ्याच सीसीए, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा, वीज वाहून न्यायची ताकद तांब्याच्या जेमतेम दोन तृतीयांश. ओळखायला सोपं आहे, एक तार घ्या आणि ब्लेडने खरवडा. दादाने पहिल्यांदा आणलेल्या किटची तार खरवडली तर आतून पांढरी चकचकीत निघाली, ती परत केली.

फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटीमीटरच्या आत. हा फ्यूज वायरसाठी असतो, ॲम्पला त्याचा स्वतःचा वेगळा आहे. वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर पुढे आग लागू नये म्हणून हा, यात कंजुषी करूच नका. अर्थिंगला डिक्कीच्या पत्र्याचा रंग पूर्ण खरवडून काढला, स्वच्छ पत्र्यावर बोल्ट आवळला आणि वरून गंज लागू नये म्हणून ग्रीस. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ द्यायची सवय फिटर लोकांना असते, ती करू द्यायची नाही, तो बोल्ट जीव वाचवण्यासाठी आहे.

प्लेअर कंपनीचाच ठेवला. त्याला वूफरसाठी वेगळं आउटपुट नाही, म्हणून हाय लेव्हल इनपुट (थेट स्पीकरच्या वायरवरून सिग्नल घ्यायची सोय) असलेला ॲम्प घेतला आणि मागच्या स्पीकरच्या लाईनवरून सिग्नल उचलला, तोही कपलर लावून, कंपनीची एकही वायर न कापता. सिग्नलची वायर गाडीच्या एका बाजूने आणि पॉवरची दुसऱ्या बाजूने, नाहीतर इंजिन रेस केलं की सुईंऽऽ असा आवाज येतो.

बॉक्स

हा भाग मला सगळ्यात आवडतो. सुतार आमच्या ओळखीचा, नाशिकच्या अंबडकडे त्याचं वर्कशॉप, किचनच्या ट्रॉल्या करतो, स्पीकरचा बॉक्स त्याने कधी केलेला नव्हता आणि ते बरंच झालं, कारण माप सांगेल तसं तंतोतंत केलं. एमडीएफ आवाजाला उत्तम, जड आणि सगळीकडे सारखा, पण दादाच्या डिक्कीत ओली कॅरेटं येणार, औषधाच्या बाटल्या सांडणार, आणि एमडीएफला पाणी लागलं की तो फुगतो आणि परत कधी पूर्ववत होत नाही. म्हणून मरीन प्लाय, आयएस 710 चा शिक्का बघून, 18 मिलीमीटर.

मागची बाजू सीटसारखी कललेली, 34 उंचीत 9 सेंटीमीटरचा उतार म्हणजे साधारण 15 अंश. वरच्या आणि खालच्या फळीच्या कडा त्याच कोनात कापल्या तरच सांधा पूर्ण टेकतो, सरळ कापून फट सिलिकॉनने भरायची हे चालत नाही. सुताराने करवतीचं पातं 15 अंशाला तिरकं करून आधी वाया गेलेल्या तुकड्यावर कापून बघितलं, दोन तुकडे जोडून उजेडाकडे धरले, थोडं सरकवलं, परत धरले, आणि मगच खऱ्या फळ्यांना हात लावला. सांध्याला फेव्हिकॉल, दर दहा सेंटीमीटरला स्क्रू, प्रत्येक स्क्रूला आधी बारीक होल. पुढच्या आणि मागच्या फळीला जोडणारी एक आधाराची पट्टी मध्यावरून थोडी बाजूला. वूफरच्या मॅग्नेटमागे हवा खेळायला जागा लागते, उतारामुळे मॅग्नेटच्या वरच्या कडेपाशी आम्हाला दोन सेंटीमीटरच्या वर मिळाली, तेवढी पुरते. आतून सगळ्या सांध्यांवर सिलिकॉन, आणि ते पूर्ण वाळून वास गेल्याशिवाय वूफर बसवला नाही.

मग गळती बघितली. वूफर बसवून 30 हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावला आणि उदबत्ती पेटवून तिचा धूर प्रत्येक सांध्याजवळून सावकाश फिरवला. कडांजवळ धूर सरळ वर जात होता, एकदम शांत. मागच्या बाजूला वायर जोडायचा जो प्लास्टिकचा टर्मिनल कप असतो तिथे आल्यावर धूर थरथरायला लागला, आत ओढला जायचा, बाहेर ढकलला जायचा. कप काढला, खाली फोमची पट्टी लावली, परत आवळला, धूर सरळ. सुतार स्वतः उदबत्ती हातात घेऊन परत सगळीकडे फिरवून आला. सीलबंद बॉक्स म्हणतो तर तो सीलबंद असलाच पाहिजे, टाचणीएवढ्या फटीतूनही जोरात वाजताना शिट्टी येते.

वूफरसकट बॉक्स 15 किलोच्या आसपास झाला. जोरात ब्रेक लागला तर हे वजन मागच्या सीटवर, म्हणजे पोरांच्या पाठीवर येणार. म्हणून फ्लोअरला एल क्लॅम्प, होल मारायच्या आधी गाडीखाली जाऊन काय आहे ते बघून. क्लॅम्पला विंग नट लावले आणि वायरला प्लग, कारण खाली स्टेपनी आहे आणि पंक्चर झालं की रात्री रस्त्यावर पाना शोधायला लागू नये. वूफरचं तोंड डिक्कीच्या दाराकडे, वर लोखंडी जाळी. पुढे कॅरेट ठेवलं तरी बेसला फरक पडत नाही, एवढे खालचे सूर वस्तूला वळसा घालून जातात.

सेटिंग

इथे बहुतेक ठिकाणी कानाने गेन वाढवतात आणि तिथेच वूफर जळायची तयारी होते. गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही, प्लेअरकडून येणारा सिग्नल आणि ॲम्पची ताकद यांचं जुळवणं आहे. 300 वॅट आणि 2 ओहम, गुणाकार 600, वर्गमूळ 24.5. वूफरची वायर काढून ठेवली, बेस बूस्ट शून्य, प्लेअरची इक्वलायझर सपाट, व्हॉल्यूम तीन चतुर्थांशावर, 50 हर्ट्झचा टेस्ट टोन लावला आणि ॲम्पच्या आउटपुटला मल्टिमीटर एसी व्होल्टवर. गेन हळूहळू वाढवत 24.5 ला थांबलो. त्याच्या पुढे ॲम्प सिग्नलची टोकं कापायला लागतो आणि कॉइल गरम होते.

लो पास, म्हणजे वरचे सूर वूफरकडे जाऊ न देणारा फिल्टर, 80 हर्ट्झला. फेजचं बटण (पडदा ठोक्याला आधी पुढे जाणार का मागे ते ठरवणारं) 0 आणि 180, हे ड्रायव्हर सीटवर बसून ठरवायचं, दुसऱ्याने डिक्कीत बटण दाबायचं आणि आपण ढोल ऐकायचा, ज्यात ठोका भरलेला आणि समोरून आल्यासारखा वाटतो ते ठेवायचं. इथे 180 ला बरं वाटलं. प्रत्येक गाडीत वेगळं निघतं.

एक अडचण राहिली. वूफर वाजायला लागला की पुढच्या दरवाजाचे कंपनीचे स्पीकर जास्त उघडे पडले, मोठ्या आवाजात खालचे सूर वाजवायच्या नादात ते फाटत होते, आणि कंपनीच्या प्लेअरमध्ये हाय पासची, म्हणजे खालचे सूर अडवायची, सोय नाही. स्वस्तातला उपाय म्हणजे प्रत्येक पुढच्या स्पीकरच्या लाईनमध्ये एक नॉन-पोलर कपॅसिटर, 4 ओहमला 100 हर्ट्झसाठी साधारण 400 मायक्रोफॅरडचा. तो लावल्यावर दरवाजे शांत झाले आणि गायकाचा आवाजही मोकळा झाला, एवढा फरक पडेल असं दादाला वाटलं नव्हतं.

मग खडखड. डिक्कीच्या दाराच्या आतल्या पत्र्याला ब्यूटाईलची डॅम्पिंग शीट लावली, पार्सल ट्रेच्या कडांना फेल्टची पट्टी. नंबर प्लेट मात्र छळत होती, एचएसआरपीचे (हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचे) रिव्हेट निघत नाहीत, म्हणून कडेने बारीक फोम आत सरकवला. हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका, बाहेरून जाणाऱ्याला बेस आधी ऐकू येत नाही, पत्रा ऐकू येतो.

खर्च असा: वूफर 6,800, ॲम्प 8,500, बॉक्स प्लाय-कार्पेट-मजुरीसकट 4,200, वायर-फ्यूज-कपलर-कपॅसिटर 3,100, डॅम्पिंग 1,600, फिटिंग 1,500. एकूण 25,700. दुकानातल्या कॉम्बोपेक्षा नऊ हजार जास्त, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दादा आता म्हसरूळमार्गे घरी जाताना ढोलाचे ठोके मोजता येतात म्हणतो, आणि वहिनींनी कॅरेट ठेवून बघितलं, बसलं, विषय संपला.

त्याच्या शेजारच्या मळ्यातल्या एकाला आता अगदी हाच सेट पाहिजे, हाच वूफर, हाच ॲम्प, हाच बॉक्स. त्याची गाडी सीएनजी वॅगनआर, डिक्कीत सिलिंडर. त्याला मी हा सेट घेऊ नको म्हणून सांगितलंय. पुढच्या सीटखाली बसणारा 8 इंची ॲक्टिव्ह (आतच ॲम्प असलेला) वूफर त्याच्यासाठी बरा, तेवढा जोरात नाही वाजणार पण दारांचे स्पीकर हलके होतील. आधी सीटखाली उंची किती मिळते आणि सीट पूर्ण मागे-पुढे केली तर काही अडकतं का ते मोजून पाठव म्हटलंय, मापं आली की बघू.